मुटकुळी, परतलेली भाजी आणि घरातल्या बाईची तब्येत



उसाच्या पिकाचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. लागण कधी केली, बाळबांधणी कधी झाली, खताचा दुसरा हप्ता कधी टाकला, हे रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी आपण बिनचूक सांगू. पाण्याची पाळी चार दिवस लांबली की जिवाला घोर लागतो. पाटकऱ्याच्या दारात दोन हेलपाटे होतात आणि चावडीवर चार माणसांत चर्चाही होते. पण घरातल्या बाईची पाळी चुकली, लांबली, आठ-आठ दिवस अंगावरून जात राहिलं, तर त्याची चर्चा कोण करतो? ती स्वतः बोलत नाही, सासूला सांगायला लाजते, नवऱ्याला सांगावं असं तिला वाटत नाही. दुखणं अंगावर काढता काढता वर्षं निघून जातात.

हा विषय आपल्या पत्रिकेत कशाला, असे काही मंडळींना वाटेल. आमचे म्हणणे असे की, खोडव्याची निगा, ठिबकची देखभाल यांवर आपण पानेच्या पाने छापतो, तशी दोन पाने घरातल्या माणसाच्या तब्येतीला द्यायला काय हरकत आहे? म्हणून या अंकात आम्ही एक सोपा पदार्थ सांगणार आहोत. वाफवलेली मुटकुळी आणि कढईत परतलेली भाजी. अर्ध्या-पाऊण तासात होणारा, घरच्याच जिनसांचा, डब्यात नेता येणारा. आणि त्याच्याबरोबर चार गोष्टी बाईच्या तब्येतीच्याही सांगणार आहोत, कारण त्या गोष्टींशिवाय नुसती पाककृती सांगण्यात फारसा अर्थ नाही.

हार्मोन म्हणजे काय?

हल्ली तालुक्याच्या दवाखान्यात गेलेली प्रत्येक दुसरी बाई ‘हार्मोनचा बिघाड’ हा शब्द ऐकून येते. मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात. ऊस उत्पादकाला हा प्रकार समजायला अवघड जाऊ नये. पेरांची लांबी वाढावी म्हणून आपण उसावर जी. ए. फवारतो. काही ग्रॅम पावडर पिंपभर पाण्यात जाते, पण तेवढ्यानं पेरं लांबतात. उसाला ते संजीवक, तसं माणसाच्या शरीराला संप्रेरक. मात्रा अगदी थोडी, पण काम मोठं. शरीरातल्या ग्रंथी ती तयार करतात, रक्तावाटे ती सगळीकडे पोचतात आणि कुठल्या अवयवाने काय काम करायचं ते ठरवतात.

बाईच्या अंडाशयात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके तयार होतात. पाळीचं वेळापत्रक त्यांच्यावर चालतं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी शरीराचा वेग सांभाळते. स्वादुपिंडातलं इन्शुलिन रक्तातल्या साखरेला पेशींची वाट दाखवतं. ही सगळी एकमेकांत गुंतलेली आहेत. एकाचं बिघडलं की दुसऱ्याला झळ लागते.

आपल्या घरांत साधारण चार तऱ्हा दिसतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, वजन वाढतं, चेहऱ्यावर मुरमं आणि लव वाढते. डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात. त्यात पुष्कळदा इन्शुलिनचं काम मंदावलेलं असतं. दुसरी तऱ्हा थायरॉईडची. थकवा, सूज, केस गळणं, वजन वाढणं. तिसरी, पंचेचाळिशी-पन्नाशीची बाई, जिची पाळी जायला आली आहे. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, चिडचिड होते, हाडं दुखतात. आणि चौथी तऱ्हा सगळ्यांत मोठी, ती म्हणजे रक्त कमी असणं. हा काही संप्रेरकाचा आजार नव्हे. पण पाळीला जास्त जाऊ लागलं की रक्त कमी होतं, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला पाळीचा त्रास दुप्पट जाणवतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे दुधाच्या डेअऱ्या वाढल्या, बागायत वाढली, आणि बायांचं रक्त मात्र कमी झालं.

पिशवी काढून टाकण्याची घाई

या दुखण्यांवर आपल्या भागात एक उपाय फार झटपट सांगितला जातो. ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ पोरंबाळं झाली, आता पिशवीचा उपयोग काय, असं घरातली माणसंही म्हणतात.

२०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने, त्या वेळी विधान परिषदेच्या उपसभापती असलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या महिलांची माहिती घेतली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. सहा जणींमागे एक! त्याच सुमाराच्या राष्ट्रीय पाहणीत देशातलं हे प्रमाण १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे सुमारे तीन इतकंच होतं. बीडमधल्या कितीतरी जणींनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती.

हा आकडा वाचून आपण ‘ते बीडचं, आपल्याकडचं नव्हे’ असं म्हणू शकत नाही. त्या बाया कुणाचा ऊस तोडायला येतात? दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात, मोकळ्या रानात कोप्या पडतात, आणि नवरा-बायकोचा एक कोयता पहाटे चार वाजता फडात उतरतो. पाळीच्या दिवसांत तिला आडोसा नाही, धड पाणी नाही. एक दिवस घरी बसली तर खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढायचं चुकत नाही. अशा बाईला कुणी सांगितलं की पिशवी काढली की पाळीही नाही आणि खाडाही नाही, तर ती कशी नाही म्हणेल?

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया वाईट, असं आमचं म्हणणं नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, दुसरा इलाजच चालत नसेल, तर ती जीव वाचवते. पण साध्या जंतुसंसर्गासाठी किंवा पांढरं जातंय म्हणून तिशीतच पिशवी काढणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याबरोबर अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं. पन्नाशीत हळूहळू यायची ती लक्षणं तिशी-पस्तिशीतच एकदम अंगावर येतात. हाडं लवकर ठिसूळ होतात, पुढे हृदयविकाराचाही धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी काही जणींत ही लक्षणं काही वर्षं अलीकडे येतात. आणि पिशवी काढली म्हणून रक्तक्षय आपोआप बरा होत नाही.

जेवणानं काय होतं, काय होत नाही

आता मुद्द्यावर येऊ. अमुक बी खा, तमुक काढा प्या, हार्मोन एका महिन्यात जाग्यावर येतील, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही तसं सांगणार नाही. थायरॉईडची गोळी लागत असेल तर ती जेवणानं सुटत नाही. गाठ जेवणानं विरघळत नाही.

मग जेवणानं काय होतं? तीन-चार गोष्टी नक्की होतात. डाळ, कडधान्य आणि भाजी भरपूर असलेलं जेवण पोटात हळूहळू पचतं, रक्तातली साखर एकदम उसळत नाही, इन्शुलिनवर ताण कमी पडतो. पीसीओएस असलेल्या जाड मुलीचं वजन शंभराला पाच-दहा किलो या प्रमाणात जरी उतरलं, तरी अनेकींची पाळी पुन्हा नियमित होते, हे डॉक्टरही सांगतात. लोह आणि प्रथिनं मिळाली तर रक्त भरायला मदत होते. कॅल्शियम मिळालं तर पाळी जाताना हाडांची झीज थोडी आवरते. आयोडीनयुक्त मीठ वापरलं तर थायरॉईडला लागणारं आयोडीन मिळतं. एवढं झालं तरी थोडं नव्हे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मुटकुळी आणि परतलेली भाजी

वाफेवर उकडलेल्या पिठाच्या किंवा डाळीच्या गोळ्यांना आपल्याकडे जुनी परंपरा आहे. खानदेशात डाळीचे फुणके कढीबरोबर खातात. आपल्या आज्या ज्वारी-बाजरीच्या पिठात मेथी घालून मुठीत दाबलेली मुटकुळी करायच्या. बोटांचे ठसे त्याच्यावर तसेच उमटायचे. हल्ली शहरात लोक तिबेटी मोमो खातात, तोही वाफेवरचाच प्रकार, फक्त मैद्याच्या पारीत सारण भरलेला. आपल्या मुटकुळ्यात मैदा नाही, पारी लाटायची कटकट नाही आणि भाजी पिठातच मळलेली असते.

खालील प्रमाण चार माणसांचे आहे.

मुटकुळ्यांसाठी : ज्वारीचे पीठ १ वाटी, नाचणीचे पीठ अर्धी वाटी, हरभरा डाळीचे पीठ अर्धी वाटी, निवडून धुऊन बारीक चिरलेली मेथी २ वाट्या गच्च भरून, तीळ २ चमचे, आले-लसूण-हिरवी मिरची यांचे वाटण १ मोठा चमचा, ओवा अर्धा चमचा, हळद, आयोडीनयुक्त मीठ चवीप्रमाणे, तेल २ चमचे.

भाजीसाठी : भिजवून मोड आणलेली मटकी सव्वा ते दीड वाटी, कांदे २, गाजर १, कोबी पाव गड्डा, घेवड्याच्या किंवा गवारीच्या शेंगा मूठभर, कांद्याची पात एक जुडी, भाजलेले शेंगदाणे २ मुठी, लसूण ७-८ पाकळ्या, कढीपत्ता, मोहरी, जिरे, हिंग, तेल २ मोठे चमचे, एक मोठे लिंबू, कोथिंबीर.

कृती : चिरलेल्या मेथीला मीठ लावून दहा मिनिटे ठेवावी. मेथीला पाणी सुटते, ते टाकू नये, त्यातच तिन्ही पिठे, तीळ, वाटण, ओवा, हळद आणि तेल घालावे. लागेल तसा गरम पाण्याचा हबका मारून पीठ मळावे. ज्वारी-नाचणीला चिकटपणा कमी, म्हणून पाणी गरमच घ्यावे. पीठ भाकरीच्या पिठापेक्षा थोडे घट्ट असावे. तळहाताला तेलाचे बोट लावून एकेक गोळा मुठीत दाबून लांबट मुटकुळी करावीत. फार जाड करू नयेत, आत कच्ची राहतात.

पातेल्यात पाणी उकळत ठेवावे. चाळणीला तेलाचा हात लावून त्यात मुटकुळी एकावर एक न ठेवता मांडावीत, चाळण पातेल्यावर ठेवून वर घट्ट झाकण घालावे. मोदकपात्र असेल तर उत्तमच. पंधरा ते वीस मिनिटे वाफ द्यावी. सुरी खुपसून बघावी. कोरडी निघाली की झाले. खाली उतरवून दहा मिनिटे निवू द्यावीत आणि मग प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे करावेत. गरम असताना कापली तर चुरा होतो.

मुटकुळी वाफेवर आहेत तोवर भाजी चिरून होते. लोखंडी कढई चांगली तापवावी. तेलात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण घालावा. कांदा परतून मटकी घालावी, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून सात-आठ मिनिटे शिजू द्यावी. मग झाकण काढून जाळ मोठा करावा. आधी गाजर आणि शेंगा, तीन-चार मिनिटांनी कोबी. शेवटी कांद्याची पात. सतत परतत राहावे. भाजी दाताखाली किंचित कुरकुरीत लागली पाहिजे, लगदा होता कामा नये. आता मुटकुळ्यांचे तुकडे आणि शेंगदाणे घालून दोन मिनिटे हलवावे, बाजू खरपूस झाल्या की उतरवावे. वरून लिंबू पिळून कोथिंबीर घालावी. तयार पदार्थ लोखंडी कढईत तसाच ठेवू नये, काळा पडतो. लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा.

मेथी नसेल तेव्हा शेवग्याचा कोवळा पाला, शेपू, राजगिरा किंवा हरभऱ्याचा पाला चालतो. नाचणी मिळाली नाही तर बाजरी घ्यावी. खाणाऱ्या घरात भाजीत दोन-तीन अंडी फोडून परतली तर आणखी चांगलं.

थायरॉईड असणाऱ्यांनी कोबी खाऊ नये, असं पुष्कळ बाया ऐकून असतात. शिजवलेला कोबी रोजच्या जेवणाच्या मापात, आयोडीनयुक्त मिठाबरोबर खाल्ला तर भ्यायचं कारण नाही.

या ताटाचा हिशेब

आपण हिशेबी माणसं. नुसतं ‘पौष्टिक आहे’ म्हणून भागणार नाही, आकडा हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. पुरुषाला लागतं १९. म्हणजे रक्ताचा खुराक बाईला दीडपट हवा, आणि आपल्या घरात तिच्या वाट्याला येतो तो सगळ्यांत शेवटचा आणि उरलासुरला. प्रथिनं तिला साधारण ४६ ग्रॅम लागतात आणि कॅल्शियम १,००० मिलिग्रॅम.

वर दिलेल्या प्रमाणातल्या चौथ्या हिश्शातून, आमच्या ढोबळ हिशेबाने, पाच-साडेपाच मिलिग्रॅम लोह आणि बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणजे लोहाची गरज पाचव्या हिश्शाइतकी आणि प्रथिनांची चौथ्या हिश्शाइतकी भागली. बाकीचं इतर जेवणांतून यायला हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर, आणि तिळात तर हजाराच्या वर. म्हणून हे तिन्ही जिन्नस आम्ही मुद्दाम सुचवले आहेत.

पण पोटात गेलं म्हणजे अंगाला लागलंच असं नाही. खत टाकलं आणि ओल नसली तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. भाजीपाल्यातलं लोह शरीरात मुळातच कमी शोषलं जातं. लिंबू, आवळा, टोमॅटो, पेरू बरोबर असेल तर ते जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला तर शोषण घटतं. म्हणून लिंबू शेवटी वरून पिळायचं आणि चहा तासभर लांब ठेवायचा. मटकीला मोड आणण्यामागेही तेच आहे. मोड आल्यावर तिच्यातलं लोह सुटायला मदत होते. लोखंडी कढईतूनही थोडं लोह अन्नात उतरतं.

साखर आणि गुळाबद्दल दोन शब्द

साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहायचं म्हणजे आम्हाला जरा जपूनच लिहावं लागतंय, पण खरं आहे ते लिहिलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच-सहा चहाचे चमचे. दिवसातून पाच कप गोड चहा होणाऱ्या घरात हे माप दुपारपर्यंतच संपतं. पीसीओएस किंवा मधुमेह असलेल्या बाईनं तर हात आखडताच घ्यावा. सभासदांच्या हक्काची साखर सणावाराला आनंदानं खावी, रोजच्या चहात चमचा निम्मा करावा. त्यानं कारखान्याचं काही अडत नाही.

गुळानं रक्त वाढतं, ही समजूतही घरोघर आहे. गुळात लोह असतं, हे खरं. पण शंभर ग्रॅमला चार-पाच मिलिग्रॅम. दहा ग्रॅमचा खडा खाल्ला तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. लागतं २९. नुसत्या गुळावर विसंबलं तर रक्ताच्या आधी साखरच वाढायची. शेंगदाण्याबरोबर, तिळाबरोबर थोडा गूळ खावा. औषध म्हणून खाऊ नये.

जिन्नस आपल्याच रानात

या पदार्थाला बाजारातून महागाची एकही वस्तू आणावी लागत नाही. पूर्वहंगामी उसात आपण मेथी, कोथिंबीर, कांदा, कोबी, हरभरा ही आंतरपिके घेतोच. व्यापाऱ्याच्या टेम्पोत सगळा माल भरायच्या आधी घरापुरती एक सरी राखून ठेवायला काही खर्च येत नाही. बांधावर शेवग्याची दोन झाडं लावावीत. पी. के. एम.-१ सारख्या जातीला वर्षाच्या आतच शेंगा लागतात, आणि पाला तर छाटणी करू तेवढा.

आणि ती सरी राखताना टोळीचीही आठवण ठेवावी. आपल्या फडात तोड चालू असते तेव्हा सभासदानं टोळीला भाजीच्या दोन जुड्या, मूठभर लिंबं आणि चांगलं प्यायचं पाणी दिलं तर ऊस काही कमी भरत नाही. मुटकुळी कोपीतल्या तीन दगडांच्या चुलीवरही होतात. रात्री उकडून, पूर्ण निववून डब्यात ठेवली तर थंडीच्या दिवसांत सकाळच्या न्याहारीला फडात खाता येतात. पहाटे चारला उठणाऱ्या बाईला उपाशीपोटी कोयता चालवायला लागू नये, एवढं तरी साधेल. पाळीतल्या बाईला एक दिवस बसू दिलं म्हणून खाडा पडू नये, हे मुकादमाला सांगण्याइतका तर आपला शब्द नक्कीच चालतो.

ताट कुणी, कधी वाढायचं?

पदार्थ केला, पण खाल्ला कुणी? आपल्याकडे आधी पुरुषमंडळी, मग पोरं, मग म्हातारी माणसं आणि सगळ्यांत शेवटी करणारी. शेवटी कढईत राहतो तो मसाला आणि करपलेली खरवड. वर ‘मला भूकच नव्हती’ असं तीच म्हणते. चार माणसांचं प्रमाण आम्ही दिलं आहे, त्या चारांत ती स्वतः धरलेली आहे, हे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावं. शक्य तर सगळ्यांनी एकत्र बसावं. नाही जमलं तर तिचं ताट आधी वाढून झाकून ठेवावं. उपासाचंही तेच. आठवड्यात दोन-तीन उपास, त्यात साबूदाणा आणि चहा, यानं रक्त भरत नाही. अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईनं उपास कमी केले तर देव रागावणार नाही.

आणखी एक. मटकी मोडावर घालणं, भाजी निवडणं, चिरणं ही कामं पुरुषांनाही येतात. ज्या हातांना उसाची टिपरी तोडून डोळे तपासता येतात, त्यांना मेथी निवडता येत नाही असं कसं म्हणावं?

डॉक्टरकडे कधी जायचं?

पुढची लक्षणं दिसली तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणं. तासा-तासाला कापड किंवा पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं. पाळी तीन महिने न येणं. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं. पांढऱ्याला घाण वास येणं, ओटीपोटात दुखून ताप येणं. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, मग ते थेंबभर का असेना, त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं, आणि लवकर कळलं तर इलाज होतो.

हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. बाईचं ते १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत मिळतात. गोळीनं शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलावी, गोळ्या उकिरड्यावर टाकू नयेत.

आणि कुणी पिशवी काढायला सांगितली तर चार प्रश्न विचारावेत. आजार नेमका कोणता? तपासण्या कोणत्या केल्या? गोळ्यांनी किंवा दुसऱ्या उपचारानं चालणार नाही का? अंडाशयं ठेवणार की काढणार? जीव धोक्यात नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्यावं. बैल घ्यायचा तर आपण दोन बाजार फिरतो, दात बघतो, चालवून बघतो. बाईच्या अंगावर शस्त्र चालवायच्या आधी दुसरा दवाखाना बघायला लाज कसली?

सभासद बंधूंनो, या हंगामात पाण्याच्या पाळीची चौकशी कराल, तेव्हा घरातल्या बाईच्या तब्येतीचीही एकदा चौकशी करा. आणि भगिनींनो, मुटकुळी कराल त्या दिवशी पहिला घास गरम असतानाच खा. मेथीचा हंगाम आहे, लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा.